आमच्या कोपऱ्यावरचा रस्ता आणि रेकॉर्डमधलं शून्य

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो मोठा रस्ता लागतो तो ओलांडणं म्हणजे काय असतं हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, फक्त ते कागदावर कुठेच नाहीये. आम्ही काही जण मिळून रस्त्यांचं काम बघणाऱ्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो होतो, तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या कोपऱ्यावर गेल्या काही वर्षांत एकही मोठा अपघात नोंदलेला नाही, जिथे माणसं गेलीयेत तिथलीच कामं अजून व्हायचीयेत." त्यांच्यासमोर जी यादी होती ती खरीच होती, त्यांना मी दोष देत नाहीये. पण त्या शून्याचा अर्थ त्यांनी लावला तो मला अजिबात पटलेला नाही आणि का पटलेला नाही ते आज सविस्तर लिहायचंय.

आधी जागा कशी आहे ते सांगते. चार लेनचा रस्ता, दोन येणाऱ्या दोन जाणाऱ्या, मधे डिव्हायडर नाही, रुंदी साधारण १४ मीटर. एका बाजूने रस्ता वळण घेऊन येतो त्यामुळे त्या बाजूची गाडी फार तर शंभरेक मीटरवर आली की दिसते. वळणापासून क्रॉसिंगपर्यंत दोन्ही कडांना गाड्या पार्क केलेल्या असतात, अगदी पट्ट्यांना खेटून, म्हणजे फूटपाथवर उभं राहून काहीच दिसत नाही, गाड्यांच्या मधून पुढे येऊन डोकं बाहेर काढावं लागतं तेव्हा कुठे रस्ता दिसतो. पट्टे आहेत म्हणजे होते, आता त्यांचे ठिपके उरलेत. पलीकडे बसस्टॉप, बाग, दवाखाना, आणि थोडं पुढे शाळा. अलीकडे आम्ही सगळे.

तर इथे अपघात का नोंदले जात नाहीत? कारण ज्यांना इथे सगळ्यात जास्त धोका आहे त्यांनी इथून जाणंच बंद केलंय. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी रोज पलीकडे बागेत फिरायला जायच्या, आता गॅलरीतल्या गॅलरीत फेऱ्या मारतात. मी म्हटलं, "आजी, मी येते ना सोबत, हात धरून नेते." तर म्हणाल्या, "अगं तू नेशील, पण परत यायचं तेव्हा कोण आणेल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारच्या वहिनींचा मुलगा चौथीत आहे, शाळा समोर दिसते इतकी जवळ आहे तरी त्याला रोज गाडीवर बसवून वळसा घालून सोडतात, आणि असे सोडणारे आईबाप वाढले की त्याच कोपऱ्यावर सकाळी गाड्या पण वाढतात. काठी घेऊन चालणारे एक काका आहेत, ते बसने जायचं असेल तर आधी उलट्या दिशेची बस पकडतात, पुढच्या मोठ्या चौकात उतरून सिग्नलवर रस्ता ओलांडतात आणि मग त्यांना हवी ती बस घेतात. ही सगळी माणसं रेकॉर्डमध्ये सुरक्षित आहेत.

आणि हे फक्त आमच्या कोपऱ्याचं नाही. ब्रिटनमध्ये याच गोष्टीवर एक गाजलेला अभ्यास झाला होता. रस्त्यांवरचे मुलांचे मृत्यू कमी होत होते आणि सरकार म्हणत होतं बघा रस्ते सुरक्षित झाले. अभ्यासकांनी वेगळाच प्रश्न विचारला, मुलं आहेत कुठे? तर १९७१ मध्ये इंग्लंडमधली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, १९९० मध्ये तो आकडा ९ टक्के झाला होता. मुलं रस्त्यावरून उचलून घरात आणि गाडीत ठेवली गेली होती म्हणून ती मरत नव्हती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वहिनींचा मुलगाच डोळ्यासमोर आला.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अॅपलयार्ड यांनी साधारण १९७० च्या आसपास शेजारशेजारच्या तीन रस्त्यांवरच्या लोकांशी बोलून बघितलं होतं. रस्ते सारखेच, फरक फक्त रहदारीचा. जिथे दिवसाला साधारण २००० गाड्या जायच्या तिथल्या माणसाला त्या रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते, जिथे १६००० च्या आसपास जायच्या तिथे एकसुद्धा धड नाही, ०.९. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं हे मला खरंच माहिती नाही. इतक्या वर्षांत नाही. आधी वाटायचं की आजकाल लोकच तसे झालेत.

बरं आता सिग्नल किंवा क्रॉसिंग द्यायचं की नाही हे ठरवतात कसं ते बघा, कारण खरी गोम इथेच आहे. ब्रिटनमध्ये खूप वर्षं एक सूत्र वापरायचे, तासाला किती माणसं रस्ता ओलांडतात तो आकडा गुणिले तासाला जाणाऱ्या गाड्यांचा वर्ग, आणि हे उत्तर दहा कोटींच्या वर गेलं तर क्रॉसिंगचा विचार करायचा. म्हणजे तासाला १००० गाड्या असतील तर तासाला १०० माणसं ओलांडणारी पाहिजेत. आता मला सांगा, जो रस्ता इतका वाईट आहे की माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत तिथे १०० माणसं कुठून मोजणार? अमेरिकेच्या नियमावलीतही सिग्नलच्या निकषांमध्ये चालणाऱ्यांची संख्या हा एक निकष होता, आणि दुसरा एक होता बारा महिन्यांत ५ अपघातांचा. बाकीही निकष होते, आणि ब्रिटनने नंतर नुसत्या त्या सूत्रावर ठरवणं सोडून दिलं, पण विचारांची ही सवय सगळीकडे मुरलेली आहे. आधी माणसं गोळा करा, नाहीतर आधी माणसं जखमी होऊ द्या, मग बघू.

आता "नीट बघून ओलांडा ना" हे वाक्य. हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की शेवटी मी कागद-पेन घेऊन गणित करून बघितलं आणि ते गणित मी सगळ्यांना दाखवत असते, तुम्हालाही दाखवते. ब्रिटनमध्ये सिग्नलची वेळ ठरवताना खूप वर्षं माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायचे. पण तिथेच ६५ च्या वरच्या लोकांची चाल मोजली तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ आणि बायकांची ०.८ मीटर निघाली, बहुतेक सगळे १.२ च्या खाली. आजी तर त्याहून हळू असतील पण ०.८ धरू. १४ मीटर रस्ता, म्हणजे साडेसतरा सेकंद. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, साडेसतरा सेकंदांत ती २४३ मीटर येते. आणि वळणामुळे आजींना दिसतात फक्त १०० मीटर, जे ती गाडी सात सेकंदांत संपवते. म्हणजे आजींनी दोन्हीकडे बघितलं, चार वेळा बघितलं, रस्ता पूर्ण रिकामा आहे याची खात्री करून पाऊल टाकलं, तरी त्या अर्ध्यावर पोचायच्या आत एक अशी गाडी त्यांच्या अंगावर येऊ शकते जी निघताना त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी सगळं बरोबर केलेलं असेल. बघून ओलांडणं हा उपाय तिथेच चालतो जिथे बघता येतं.

आता याच गणितात दोन आकडे बदलून बघा. गाड्यांचा वेग ५० ऐवजी ३० करा आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहता येईल अशी एक उंच केलेली जागा द्या, म्हणजे एका वेळी फक्त ७ मीटर ओलांडायचेत. ७ मीटरला आजींना पावणेनऊ सेकंद लागतात, ३० च्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी साधारण ७३ मीटर येते. दिसतात १०० मीटर. झालं. आजी त्याच, त्यांचे गुडघे तेच, वळण तेच, आणि तरी आता त्या स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून रस्ता ओलांडू शकतात. यात आजींना काही शिकवावं लागलं नाही. मला हे गणित सुटलं तेव्हा फार बरं वाटलं आणि लगेच रागही आला, कारण इतकं साधं असेल तर ते झालेलं का नाही?

मधोमध थांबायच्या जागेबद्दल अमेरिकेच्या फेडरल हायवे अॅडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या रस्ते खात्याचा आकडा आहे, चालणाऱ्यांचे अपघात ५६ टक्क्यांपर्यंत कमी होतात. मला त्यात नवल वाटत नाही कारण एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या हे कुणालाही जमतं, दोन्ही बाजूंचा वेग एकदम डोक्यात धरणं मोठ्यांनाही जड जातं आणि मुलांना तर जमतच नाही. मुलांबद्दल एक गोष्ट सगळ्या पालकांनी वाचावी अशी आहे, ब्रिटनमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांवर प्रयोग करून बघितले तेव्हा ताशी २० मैलांच्या म्हणजे साधारण ३२ किलोमीटरच्या वर वेगाने येणारी गाडी जवळ येतेय हे त्यांच्या नजरेला खात्रीने कळत नव्हतं. मूल बघतं, गाडी दिसते, पण ती थांबलेलीच आहे असं त्याला वाटू शकतं. स्वीडनच्या बालमानसशास्त्राच्या अभ्यासक स्टीना सँडेल्स यांनी तर १९६० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की लहान मुलांना रहदारीच्या हिशोबाने घडवता येत नाही, रहदारी त्यांच्या हिशोबाने घडवावी लागते. शाळेत रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवू नका असं मी म्हणत नाही, जरूर शिकवा, पण शिकवलंय म्हणून आपली जबाबदारी संपली असं धरू नका.

वेगावर थोडं जास्त लिहिते कारण इथे लोकांचा सगळ्यात जास्त विरोध असतो, "३० ने कोण गाडी चालवणार" वगैरे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तर जातोच, चांगल्या ड्रायव्हरचाही. ३० ने जाणारी गाडी त्या सेकंदात ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाचेक मीटरमध्ये थांबते, एकूण १३. ५० ने जाणारी गाडी त्याच एका सेकंदात १४ मीटर गेलेली असते आणि तिचा ब्रेक आत्ता कुठे लागायला सुरुवात होते. म्हणजे एक गाडी जिथे थांबलेली असते तिथे दुसरी गाडी पूर्ण वेगात धडकते. अमेरिकेतल्या अपघातांवरून काढलेले आकडे असे आहेत की ताशी ३७ किलोमीटरच्या धडकेत चालणारा मरण्याची शक्यता १० टक्के, ५१ ला २५ टक्के, ६८ ला ५० टक्के. आणि ही सरासरी आहे. सत्तरीच्या माणसाला ताशी ४० ची धडक बसली तर त्याचा धोका तिशीच्या माणसाला ५६ ची बसल्याइतका असतो. शिवाय गाड्या पण बदलल्यात, उंच बॉनेटच्या मोठ्या गाड्या वाढल्यात, आणि ज्यांचं बॉनेट ४० इंचांच्या वर आहे त्यांच्या धडकेत माणूस मरण्याची शक्यता बुटक्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा ४५ टक्के जास्त असते, हा अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेचा २०२३ चा अभ्यास. लहान मुलाचं तर डोकंच त्या बॉनेटच्या खाली येतं.

स्पेनने ११ मे २०२१ पासून शहरातल्या प्रत्येक बाजूला एकच लेन असलेल्या सगळ्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा घातली. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैल केली, तिथे केवढा गदारोळ झाला होता. तरी केलं. पण नुसता बोर्ड लावून वेग कमी होत नाही हेही खरं आहे, रस्ता रुंद आणि मोकळा दिसला की पाय आपोआप खाली दाबला जातो, त्यामुळे रस्ताच असा करावा लागतो की ३० च्या वर जाताना गाडीवाल्याला स्वतःलाच अवघड वाटेल. क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला आणलं तर एकाच बांधकामात दोन कामं होतात, गाडीला चढताना वेग कमी करावाच लागतो आणि चालणाऱ्याला, व्हीलचेअरवाल्याला खाली उतरून वर चढावं लागत नाही.

आता पट्ट्यांबद्दल. आमच्यातले बरेच जण म्हणतात की नवीन पट्टे मारून दिले तरी पुरे. मला हे धोक्याचं वाटतं आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत ३० शहरांमधली १००० पट्टे असलेली आणि १००० पट्टे नसलेली ओलांडायची ठिकाणं घेऊन एक मोठा अभ्यास झाला. छोट्या दोन लेनच्या रस्त्यांवर पट्ट्यांनी फारसा फरक पडत नव्हता. पण जास्त लेनच्या आणि दिवसाला १२००० च्या वर गाड्या असलेल्या रस्त्यांवर नुसते पट्टे मारले, बाकी काहीच केलं नाही, तर तिथे अपघात पट्टे नसलेल्या जागेपेक्षा जास्त होते. आमचा रस्ता नेमका तसला आहे. आणि तसंही झेब्रा क्रॉसिंग ब्रिटनमध्ये १९५१ ला कायद्यात आलं तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना पिवळे गोळे असलेले खांब आधीच होते, ते १९३४ पासूनचे. नुसता रंग हा कधी पूर्ण उपाय नव्हताच.

जास्त लेनच्या रस्त्यावर नेमकं काय होतं ते मी आमच्या कोपऱ्यावर स्वतः बघितलंय आणि माझ्या मते हाच इथला सगळ्यात मोठा धोका आहे. अलीकडच्या लेनमधला एखादा भला गाडीवाला तुम्हाला बघून थांबतो, हात करतो, जा म्हणून. तुम्ही त्याचा मान ठेवून घाईने निघता. त्याची गाडी मोठी असेल तर तिच्या पलीकडच्या लेनमधलं तुम्हाला काही दिसत नाही आणि त्या लेनमधल्याला तुम्ही दिसत नाही, त्याला फक्त एवढंच दिसतं की बाजूची गाडी उगाच थांबलीये, मग तो वेग न कमी करता पुढे येतो. कॉलेजच्या एका मुलीच्या ओढणीला चाटून गेलेली गाडी मी बघितलीये. ती मुलगी बराच वेळ फूटपाथवर बसून होती. थांबणाऱ्या माणसाचा चांगुलपणाच तिला तिथे घेऊन गेला होता. यावरचा एक उपाय म्हणजे थांबायची रेघ पट्ट्यांच्या आधी सहा ते पंधरा मीटरवर मारायची, म्हणजे थांबलेली गाडी मागे राहते आणि तिच्या बाजूने पलीकडची लेन दिसते. रेघ. फक्त एक रेघ आणि एक बोर्ड.

आणि पार्किंग. पट्ट्यांच्या आधीच्या पाच-सहा मीटरमध्ये गाडी उभी करू द्यायची नाही एवढ्याने सुद्धा किती फरक पडतो यासाठी होबोकेन बघा, न्यू जर्सीतलं छोटं दाट वस्तीचं शहर, लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास. त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावरचं पार्किंग काढलं, तिथे खांब, कुंड्या, सायकल स्टँड लावले म्हणजे गाडी परत घुसणारच नाही, आणि २०१७ पासून पुढची सलग सात वर्षं त्या शहरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. पार्किंग हे एकच कारण नाही, वेग कमी केला, फूटपाथचे कोपरे पुढे आणले, असं बरंच केलं. पण सुरुवात दिसण्यापासून झाली. कॅलिफोर्नियाने तर आता राज्यभर कायदाच केलाय, १ जानेवारी २०२५ पासून क्रॉसिंगच्या आधीच्या २० फुटांत गाडी लावली तर दंड. आमच्याकडे पार्किंगचा विषय काढला की शेजारीच नाराज होतात हे मला माहितीये, त्यांच्या गाड्या तिथे असतात. तरी मी हा विषय काढत राहणार आहे. दोन-तीन गाड्यांची जागा आहे हो फक्त.

रात्रीचं थोडक्यात सांगते. अंधारात चालणाऱ्याला गाडीचे दिवे दिसतात म्हणून त्याला वाटतं आपणही गाडीवाल्याला दिसतोय, आणि हा अंदाज बहुतेक वेळा फार चुकतो. दिवा क्रॉसिंगच्या बरोबर डोक्यावर असेल तर माणूस सावलीसारखा काळा दिसतो, तो गाडी येते त्या बाजूला थोडा आधी हवा म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो. आमच्याकडे जो एक दिवा आहे तो झाडात आहे.

एक गोष्ट मात्र मला मान्य करायला हवी की कधीकधी आमचीच माणसं मधेच पळत सुटतात, मोबाईल कानाला लावून जातात, आणि गाडीवाले म्हणतात बघा यांचीच चूक. मी त्या पळणाऱ्यांचं समर्थन करत नाही. पण अर्ध्या मिनिटाच्या वर थांबावं लागलं की माणसं धोका पत्करायला लागतात हे वाहतूक इंजिनियरांच्या हँडबुकमध्येच लिहिलेलं आहे, आणि आमच्या इथे गर्दीच्या वेळी किती वेळ उभं राहावं लागतं ते कुणीही येऊन बघावं. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये जे धोरण मान्य केलं, व्हिजन झीरो, त्याचा गाभा मला यासाठी आवडतो की माणूस चुकणारच हे धरून चालायचं आणि त्या चुकीची शिक्षा मरण नसेल असा रस्ता बांधायची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यावर टाकायची. ऑस्लोने हे इतकं मनावर घेतलं की २०१९ या वर्षात त्या जवळपास सात लाखांच्या शहरात एकही चालणारा किंवा सायकलवाला रस्त्यावर मेला नाही. एकही नाही. हे शून्य मला चालेल, कारण तिथली म्हातारी माणसं आणि मुलं रस्त्यावर दिसतात.

मग माणूस मरायची वाट न बघता धोका मोजायचा कसा, हा प्रश्न साहेबांनाही पडलेला असणार आणि तो रास्त आहे, प्रत्येक गल्लीवाला येऊन आमचाच कोपरा वाईट म्हणणार. त्याचंही उत्तर आहे आणि ते जुनं आहे. १९६७ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या संशोधकांनी थोडक्यात हुकलेल्या टकरी मोजायची पद्धत काढली, पुढे स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पक्की केली. कल्पना अशी की दोघांपैकी एकाने ब्रेक मारला किंवा उडी मारली त्या क्षणी, ते केलं नसतं तर टक्कर व्हायला किती वेळ उरला होता ते बघायचं. सुरुवातीला त्यांनी दीड सेकंद ही हद्द धरली होती, त्याहून कमी वेळ उरला असेल तर तो गंभीर प्रसंग. प्रशिक्षण घेतलेली माणसं चौकात उभी राहून हे मोजू शकतात. अपघात वर्षातून एखादा होईल, असे प्रसंग रोज होतात, म्हणजे काही दिवसांत कळतं की जागा किती वाईट आहे.

आम्ही काही प्रशिक्षित नाही, पण आम्ही आमच्या परीने हे सुरू केलंय. कॉलेजची मुलं, दोन रिटायर झालेले काका आणि मी, आळीपाळीने गॅलरीत बसतो, साधी वही, वेळ, कुठल्या बाजूची गाडी, कुठली लेन, ओलांडणारं लहान मूल होतं की म्हातारं माणूस, कोण थांबलं, कोण मागे उडी मारून आलं. गाड्यांचे नंबर लिहीत नाही, कुणाचे फोटो काढत नाही. त्याच्या शेजारी दुसरी वही आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, त्यात आम्ही घराघरात जाऊन विचारतोय की तुम्ही इथून ओलांडणं सोडलंय का, कधीपासून, आणि ओलांडता आलं असतं तर कुठे गेला असतात. लोक भरभरून बोलतात. काठीवाल्या काकांनी उलट्या बसची गोष्ट या वहीसाठीच सांगितली, तोवर त्यांच्या सुनेलाही ती माहिती नव्हती.

नवीन अर्जात आम्ही मोठं काही मागत नाहीये. दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या आधीचं सहा मीटर पार्किंग बंद आणि तिथे खांब, थांबायची रेघ मागे, मधोमध उभं राहायला जागा, वळणाच्या आधी वेग ३० वर आणणारं काहीतरी, आणि दिवा झाडाबाहेर. सिग्नल मागितला नाही यावर आमच्यात बराच वाद झाला, काही जणांना सिग्नलच हवा होता. पण खांब, रंग आणि कुंड्या यांनी हे सगळं आधी तात्पुरतं करून बघता येतं, नाही जमलं तर बदलता येतं, आणि मग "आधी १०० माणसं दाखवा" म्हणायची वेळच येत नाही. दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स अर्जाला जोडणार आहोत.

तुमच्या घराजवळ असा कोपरा असेल तर ही दुसरी वही नक्की करून बघा, आणि कुठे मधोमध थांबायची जागा मिळाली असेल, पार्किंग हटवून घेता आलं असेल, तर ते कसं जमवलंत ते मला कमेंटमध्ये सविस्तर लिहा, विशेषतः शेजाऱ्यांना कसं पटवलं ते, कारण आम्ही सध्या तिथेच अडलोय.